सात चोक अठ्ठावीस

शिवकन्या टोंपे, इयत्ता चौथी.
हजेरीपटात तिच्या नावापुढं
वर्षभर मी 'हजर' लिहीत आलो.
आता तो पट उघडला की
हात अडखळतो.

पाढ्यांच्या तासाला सगळ्यांत आधी तीच उभी.
सात एके सात, सात दुणे चौदा,
आवाज खणखणीत, बापाचा,
जो देवणीच्या बाजारात मिरच्या विकतो.
सात चोक अठ्ठावीस
आणि तिथं लाईट जायची.
डोळे उघडेच.
पापण्या थरथरायच्या, व्होल्टेज नसलेल्या ट्यूबसारख्या,
बोटं फ्रॉकची शिवण चाचपत राहायची.
दहा सेकंद. कधी पंधरा.
वर्ग तोवर छप्पन्नावर.
मग ती बोलायची, जिथं सोडलं तिथून,
सात पंचे पस्तीस,
आणि पोरं फिदीफिदी.

मी म्हणालो, लक्ष कुठंय?
मी म्हणालो, रात्री टीव्ही बघत बसतीस का?
पोळ्याच्या आदल्या दिवशी पट्टी घेतली.
तिनं हात पुढं केला
आणि नेमकी तेव्हाच गेली.
पट्टी बसली ती मालक नसलेल्या तळहातावर.
रडली नाही.
मला वाटलं, कोडगी आहे.
हे आजवर घरीही सांगितलेलं नाही.

तिच्या बाकावर कौसर पठाण.
कौसरचं बोट कायम शिवकन्याच्या पुस्तकावर.
बोट उचल म्हणालो, तर म्हणाली,
"कसं उचलू सर? आली नाही अजून ती."
कोण?
"शिवकन्या. मधीच जातीय ना.
आली की ओळ घावत नाही तिला,
म्हणून धरून ठेवायले."
दुसरीपासून धरून ठेवायली होती.
दोन वर्षं.
माझं डीएडही दोनच वर्षांचं.

उदगीरला नेलं, तिथून लातूरला.
डोक्याला तारा चिकटवल्या.
कागदावर रेघा आल्या, नांगराच्या तासांसारख्या,
आणि मधेच हातभर पट्टा, बैल उधळल्यासारखा.
डॉक्टर म्हणाले, मिरगीचाच एक प्रकार.
पडत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.
गोळी चुकवायची नाही, शाळा सोडवायची नाही.
आईनं दुसरं तेवढं परत विचारलं.
गावात कुणी म्हणालं, बाहेरचं आहे.
कुणी म्हणालं, चप्पल हुंगवा.
गोळ्यांची जादाची पट्टी माझ्या कप्प्यात आहे,
खडूंच्या डब्याशेजारी.

शाळेत काय केलं? फार काही नाही.
फळा लगेच पुसत नाही.
सांगितलेलं परत सांगतो, तिच्याकडं न बघता.
शुद्धलेखनात तिच्या ओळींना भोकं पडतात,
तिथं लाल पेन नेत नाही.
विहिरीकडं एकटीनं जायचं नाही, हे तिला नाही,
सगळ्या वर्गालाच सांगितलंय.
ओळीखाली ठेवायला मी माझी पट्टी देऊ केली.
कौसर म्हणाली, "पट्टी नको सर. बोटच बरं."

कौसरला ताप आला त्या आठवड्यात
बोट कुणाचं, यावरून मारामारी झाली.
बालाजी केंद्रे जिंकला
आणि दिवसभर भलत्याच धड्यावर बोट ठेवून बसला.
शिवकन्या हसली. एवढं मोठ्यानं
ती वर्गात पहिल्यांदाच हसली.

मार्चात केंद्रप्रमुख आले.
म्हणाले, साताचा पाढा होऊ द्या.
सात त्रिक एकवीस,
सात चोक अठ्ठावीस,
आणि अख्खा वर्ग गप्प.
पंखा कटकटायला लागला.
बाहेर कुणीतरी भोंग्यावर कांदे विकत निघालं होतं.
मागच्या बाकावर कुणाला तरी पस्तीस आवरेना,
कौसरनं वळून डोळे वटारले.

"पुढं येत नाही का यांना?"

येतं साहेब.
थांबलोय.

साहेबांचं शाईचं पेन शेऱ्याच्या वहीवर टेकलेलं.
उचलायचं राहून गेलं त्यांचंही.
निबाखालचा ठिपका
हळूहळू मोठा व्हायला लागला.